मुळांची दाई

इ. स. १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत प्रशियाच्या शेतकी व अरण्य खात्याच्या मंत्र्यांस असें वाटूं लागलें कीं, ज्या ट्रफलवर फ्रान्सचे शेतकरी एवढा पैसा मिळवितात तें ट्रफल आपल्याही अरण्यांत कां पिकूं नये ? ट्रफल हें एक प्रकारचें अळंबें; पण आपल्याकडील अळंब्यांप्रमाणें तें पावसाळ्यांत छत्री उघडून वर येत नाहीं. ओक, बीच, हेझल अशा वृक्षांच्या बुडाशीं तें जमिनीखालीं वाढतें. दिसावयास ओबडधोबड बटाट्यासारखें, आणि वास असा उग्र कीं, तो हुंगून माल काढण्यासाठीं डुकरें व कुत्रीं मुद्दाम शिकवून तयार करावीं लागतात. हें काम बर्लिन येथील शेतकी महाविद्यालयांतील अध्यापक आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक ह्यांजकडे सोपविण्यांत आलें. फ्रांक ह्यांना ट्रफलची शेती साधली नाहीं. परंतु १८८५ सालीं त्यांनीं जर्मन वनस्पतिशास्त्रमंडळाच्या वृत्तांतांत जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानें वृक्षाच्या पोषणाविषयींची जुनी समजूत हालविली. सरकारनें मागावें एक आणि शास्त्रज्ञानें आणून द्यावें भलतेंच, असे प्रकार इतिहासांत थोडे नाहींत. पण मागितल्यापेक्षां मिळालेलें इतकें मोलाचें असणें विरळा.

ट्रफलचा वृक्षाशीं संबंध तरी काय, हें पाहण्यासाठीं फ्रांक ह्यांनीं मुळें खणून सूक्ष्मदर्शकाखालीं धरलीं. शाळेच्या पुस्तकांत आपण सर्वांनीं वाचलेलें असतें कीं, मुळाच्या टोंकापाशीं केसांसारखे बारीक मूलरोम असतात व ते मातींतून पाणी आणि क्षार शोषून घेतात. ओक, बीच, हॉर्नबीम, हेझल, चेस्टनट ह्यांच्या मुळांवर फ्रांक ह्यांना हे रोम दिसेनात. त्यांच्या जागीं प्रत्येक बारीक मुळीच्या टोंकावर बुरशीच्या तंतूंची घट्ट विणलेली टोपी होती. कांहीं तंतू आंत शिरून मुळीच्या बाहेरच्या पेशींच्या फटींतून जाळें विणीत होते. कांहीं बाहेर मातींत दूरवर पसरले होते. म्हणजे त्या मुळीचा मातीशीं साक्षात् स्पर्श कोठेंच नाहीं. जें कांहीं आंत जावयाचें तें बुरशीच्या हातून. हा एखाद्या रोगट झाडाचा प्रकार म्हणावा, तर निरनिराळ्या ठिकाणांहून आणविलेल्या मुळांवरही तो आढळला, आणि तीं झाडें तर चांगलीं जोमदार होतीं. फ्रांक ह्यांनीं निष्कर्ष काढला कीं, मूळ व बुरशी मिळून हें एक नवेंच इंद्रिय झालें आहे. त्यास त्यांनीं ग्रीक शब्दांवरून 'मायकोरायझा' असें नांव दिलें. आपण त्याला कवकमूल म्हणूं. बुरशीला त्यांनीं उपमा दिली ती दाईची. मूल जसें दाईच्या अंगावर पितें, तसा वृक्ष मातींतलें आपलें अन्न ह्या बुरशीकडून घेतो, असें त्यांचें म्हणणें.

आज ही कल्पना कानाला गोड लागते. त्या काळीं ती विपरीत वाटली, आणि ती तशी कां वाटली हें ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील वाद नीट समजणार नाहीं. त्या पिढीला बुरशी ठाऊक होती ती वैरीण म्हणून. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्यावर पडलेल्या रोगानें लाखों माणसें उपासमारीनें मेलीं होतीं, आणि तो रोग बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळें होतो हें आंटोन द बारी ह्यांनीं सिद्ध केल्याला पुरतीं पंचवीस वर्षेंही झालीं नव्हतीं. सिलोनांतील कॉफीचे मळे १८६९ नंतर तांबेऱ्यानें बुडविले होते. शिवाय डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं निघाल्यापासून सुशिक्षितांच्या तोंडीं 'जीवनकलह' हा शब्द बसला होता. जो तो आपल्यापुरता पाहतो, दुबळा मरतो, आणि दुसऱ्याच्या अंगावर राहणारा जीव म्हणजे बांडगूळ, हा त्या काळचा सरळ हिशोब. खुद्द फ्रांक ह्यांचा १८८० सालचा मोठा ग्रंथ वनस्पतींच्या रोगांवरच होता.

तरी एका बाजूनें वाट फुटूं लागली होती, आणि ती फोडली आपल्या गोड्या मसाल्यांत पडणाऱ्या दगडफुलाच्या जातीनें. दगडफूल ही एक वनस्पति नसून बुरशी व हिरवें शेवाळ ह्यांची जोडी आहे, असें स्विस शास्त्रज्ञ झिमोन श्वेंडेनर ह्यांनीं १८६९ च्या सुमारास प्रतिपादिलें, तेव्हां त्या विषयांतल्या जाणत्यांनीं त्यांची थट्टा केली. मात्र श्वेंडेनर ह्यांनाही त्या जोडींत स्नेह दिसला नाहीं. त्यांच्या मतें बुरशी धनीण आणि शेवाळ तिचें गुलाम. अशा जोड्यांना कोणताही आरोप न करतां केवळ 'एकत्र राहणें' एवढ्याच अर्थाचा शब्द फ्रांक ह्यांनींच १८७७ सालीं योजला होता. पुढें द बारी ह्यांनीं त्याला आज रूढ असलेलें रूप दिलें. आपण त्यासाठीं सहजीवन म्हणतों. मराठी शब्दाला जो मायेचा ओलावा आहे तो मूळ शब्दांत नव्हता, हें येथें सांगून ठेवलें पाहिजे. कारण पुढील घोटाळा कांहीं अंशीं ह्याच ओलाव्यांतून निघाला.

फ्रांक ह्यांच्यापूर्वीं हें कोणीं पाहिलेंच नव्हतें असें नाहीं. थिओडोर हार्टिग ह्या जर्मन वनशास्त्रज्ञानें १८४० सालीं पाइनच्या मुळीचा छेद घेऊन त्यांतील पेशींभोंवतींच्या जाळ्याचें सुरेख चित्र काढलें होतें. तें जाळें बुरशीचें आहे हें मात्र त्याला उमगलें नाहीं. आजही त्या जाळ्याला त्याच्याच नांवानें ओळखतात.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. युरोपच्या अरण्यांत, बीच व पाइन ह्यांच्या दाट सावलींत, मोनोट्रोपा नांवाचें एक मेणासारखें फिकट रोप उगवतें. तिच्या जाती हिमालयांतही आहेत. तिच्यांत हिरवेपणा मुळींच नाहीं, म्हणून ती सूर्यप्रकाशावर आपलें अन्न तयार करूं शकत नाहीं. मग ती जगते कशावर ? ती झाडांच्या मुळांवरचें बांडगूळ असावी, असा १८४० च्या सुमारास इंग्लंडांतील हौशी वनस्पतिज्ञांत वाद माजला होता. पण कितीही खणलें तरी तिचें मूळ झाडाच्या मुळाला चिकटलेलें सांपडेना. पोलिश शास्त्रज्ञ फ्रांचिशेक कामिएन्स्की ह्यांनीं १८८१-८२ सालीं दाखविलें कीं, तिचीं मुळें बुरशीनें सर्वस्वीं वेढलेलीं आहेत आणि तसलीच बुरशी जवळच्या वृक्षांच्या मुळांवरही आहे. तेव्हां ती जें खाते तें बुरशीकडून येत असलें पाहिजे, असा त्यांचा तर्क. फ्रांक ह्यांच्या आधीं तीन-चार वर्षें हा माणूस नेमक्या दाराशीं येऊन उभा होता. तरी शोधाचें श्रेय लोकांच्या तोंडीं फ्रांक ह्यांचेंच राहिलें. नांव ज्यानें ठेवलें त्याचें अपत्य, हा न्याय शास्त्राच्या दरबारांतही चालतो.

फ्रांक ह्यांच्या विरुद्ध उभे राहिले ते म्यूनिकचे रॉबर्ट हार्टिग, म्हणजे ज्यानें तें जाळें न ओळखतां रेखाटलें त्या थिओडोरचेच चिरंजीव. ह्या घराण्याच्या तीन पिढ्या अरण्यविद्येंत गेल्या. आजोबा ग्योर्ग लुडविग हे तर जर्मन वनशास्त्राच्या संस्थापकांपैकीं एक. (हिंदुस्थान सरकारनें १८६४ सालीं नेमलेले पहिले अरण्यप्रमुख डीट्रिख ब्रांडिस हेही जर्मनच होते, एवढा त्या विद्येचा तेव्हां दबदबा.) वृक्षांच्या रोगांचें शास्त्र रॉबर्ट हार्टिग ह्यांनींच पायावर उभें केलें. लांकूड कुजविणाऱ्या, मुळें मारणाऱ्या बुरशा त्यांनीं आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्यांचा आक्षेप असा कीं, बुरशी नसलेलीं निरोगी मुळेंही सांपडतात, मग ती वृक्षाला आवश्यक कशी ? ती मुळांत शिरलेली आहे एवढ्यावरून ती उपकार करते हें ठरत नाहीं. चोरही घरांत शिरलेलाच असतो. आजचे लेखक हार्टिग ह्यांना हटवादी ठरवून मोकळे होतात, तें मला न्याय्य वाटत नाहीं. फ्रांक ह्यांनीं बुरशी कोठें आहे तें दाखविलें होतें. ती काय करते तें दाखविलें नव्हतें.

फ्रांक ह्यांनीं तेंही करून पाहिलें. अरण्यांतील माती घेऊन निम्म्या कुंड्यांतली उष्णतेनें निर्जंतुक केली, निम्म्यांतली तशीच ठेवली, आणि दोहोंत पाइनचीं बीं पेरलीं. जिवंत मातींतलीं रोपें उत्तम वाढलीं. तापविलेल्या मातींतलीं खुरटलीं. प्रयोग सुंदर, पण त्यालाही फट होती : मातीला ऊन दिल्यानें केवळ बुरशीच मरते असें नाहीं, मातीचे रासायनिक गुणही पालटतात. १९०० सालीं फ्रांक वारले तेव्हां हा वाद तसाच लोंबत होता. त्यांचीं सर्वच मतें खरीं ठरलीं असें नाहीं. द्विदल धान्यांच्या मुळांवरील गांठींतले जंतू हवेंतला नत्रवायु धरतात हें हेल्‌रीगेल ह्यांनीं १८८६ सालीं जाहीर केलें, तेव्हां गांठी नसलेल्या वनस्पतींनाही तें साधतें असें फ्रांक हट्टानें म्हणत राहिले, आणि तें टिकलें नाहीं. गंमत अशी कीं, त्या जंतूंना आज जें शास्त्रीय नांव आहे तें १८८९ सालीं दिलें फ्रांक ह्यांनींच. आणि डोंगर खचून उघड्या पडलेल्या उतारांवर जें आल्डर नांवाचें झाड सर्वांआधीं उभें राहतें, त्याच्या मुळांच्या गांठींत राहून नत्र पुरविणाऱ्या सूक्ष्म जीवाला 'फ्रांकिया' म्हणतात, तें त्यांच्याच स्मरणार्थ.

पुढचें पाऊल स्वीडनमध्यें पडलें. दलदली कोरड्या करून तेथें पाइन व स्प्रूस लावण्याचा उद्योग चालला होता, आणि रोपें पिवळीं पडून मरत होतीं. ज्यांच्या मुळांवर बुरशी बसली तींच तेवढीं सावरत, हें एलियास मेलिन ह्यांनीं १९१७ च्या सुमारास पाहिलें. मग त्यांनीं अळंब्यांच्या गरांतून एकेका जातीची बुरशी निराळी काढून ती शुद्ध स्वरूपांत वाढविली. निर्जंतुक वाळूंत निर्जंतुक बीं रुजविलें. आणि कांचेच्या चंबूंत त्या दोघांची गांठ घालून दिली. फ्रांक ह्यांनीं अरण्यांत पाहिलेलें कवकमूल प्रयोगशाळेंत डोळ्यांसमोर तयार झालें. पुढें किरणोत्सर्गी द्रव्यांचा उपयोग कळल्यावर मेलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५० सालीं दाखविलें कीं, स्फुरद मातींतून बुरशीच्या तंतूंवाटे रोपांत जातो. आणि १९५७ सालीं, पानांनीं तयार केलेली साखर उलट वाटेनें बुरशींत येते. म्हणजे दाई होती, पण बिनपगारी नव्हती. तिला वेतन साखरेंत मिळत होतें, आणि तें थोडेंथोडकें नसतें. कित्येक वृक्ष आपल्या कमाईचा दहावा हिस्सा, कांहीं वेळां त्याहूनही अधिक, ह्या बुरशीला देतात.

मधल्या काळांत हा विचार हिंदुस्थानांतही येऊन गेला, आणि तो होळकरांच्या इंदुरास. तेथील वनस्पतिसंशोधनसंस्थेचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं यशवंत वाड ह्यांच्या साह्यानें पालापाचोळ्यापासून खत करण्याची 'इंदूर पद्धति' सिद्ध केली. दोघांच्या नांवें १९३१ सालीं तिजवर पुस्तक निघालें. पुढें १९४० सालच्या ग्रंथांत हॉवर्ड ह्यांनीं अरण्य हाच खरा शेतकरी असें मानून, मातींतल्या सेंद्रिय द्रव्यापासून पिकाच्या आरोग्यापर्यंतचा पूल म्हणजे कवकमूल, असा सिद्धांत मांडला. खताचा भाग मोलाचा होता. कवकमुलाचा भाग पुराव्याच्या पुढें धांवला. कालपर्यंत जी चोर होती ती आतां देवता झाली.

ह्या साऱ्या वादाला जीवनमरणाचें वजन आलें तें आल्प्स पर्वतांत. तेथील खेड्यांवरच्या उतारांवर पूर्वीं आर्वे नांवाच्या पाइनचीं अरण्यें होतीं. ह्या झाडाचें बीं चिलगोज्यासारखें खाण्याजोगें असतें. त्याला पंख नसल्यामुळें तें वाऱ्यावर उडत नाहीं; कावळ्याच्या कुळांतला एक ठिपकेदार पक्षी तें हिवाळ्याच्या बेगमीसाठीं जमिनींत पुरतो, आणि जें विसरतो त्याचीं झाडें होतात. दोन हजार मीटर उंचीवर, जेथें दुसरा वृक्ष टिकत नाहीं तेथें हा शेंकडों वर्षें उभा राहतो व बर्फ धरून ठेवतो. परंतु उन्हाळी कुरणांसाठीं शतकानुशतकें लोकांनीं तीं अरण्यें वरून खालीं तोडीत आणलीं. त्याचें फळ १९५१ च्या हिवाळ्यांत मिळालें. आल्प्सच्या अनेक खोऱ्यांत हिमलोट कोसळून शेंकडों माणसें मेलीं. जानेवारी १९५४ मध्यें ऑस्ट्रियाच्या फोरआर्लबेर्ग प्रांतांत ब्लोन्स नांवाच्या लहानशा खेड्यावर एकाच दिवसांत दोन मोठे हिमलोट आले, आणि पन्नासांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं.

उतारांवर पुन्हां झाडें लावावयाचीं हें ठरलें. पण खालच्या रोपवाटिकांत टवटवीत दिसणारीं रोपें वर नेऊन लावलीं कीं तीं टिकत ना. थंडी, वारा, बर्फाखालीं पानांवर पडणारी बुरशी, अशीं कारणें पुष्कळ होतीं. त्यांतलें एक शोधलें टिरोल प्रांतांतील इम्स्ट येथें काम करणाऱ्या माइनहार्ट मोझर ह्या तरुण अळंबीशास्त्रज्ञानें. हे गृहस्थ महायुद्धानंतर रशियनांच्या बंदिवासांतून १९४८ सालीं सुटून आलेले. झाडें तुटून कित्येक पिढ्या गेल्या म्हणजे त्या झाडांवर जगणारी बुरशीही त्या मातींतून नाहींशी होते. कुरणाची माती दिसावयास काळीभोर, पण आर्वेला लागणारी दाई तिच्यांत उरलेली नाहीं. आणि खालच्या रोपवाटिकेंतील बुरशी वरच्या थंडींत निरुपयोगी. म्हणून मोझर ह्यांनीं उंचावर जिवंत उरलेल्या आर्वेच्या झाडांखालचीं अळंबीं वेंचून त्यांतून थंडींतही वाढणाऱ्या बुरशा निवडल्या, त्या पीटच्या मातींत पोसल्या, आणि विरजण लावावें तशा त्या रोपवाटिकेच्या वाफ्यांत मिसळल्या. अशीं बुरशी घेऊन वर गेलेलीं रोपें अधिक प्रमाणांत जगलीं, आणि ऑस्ट्रियाच्या वनसंस्थांनीं ती पद्धत पुढें चालविली. हार्टिग ह्यांनाही येथें त्यांचा वांटा मिळाला : त्याच उतारांवर एक बुरशी रोपांना बर्फाखालीं मारीत होती आणि दुसरी त्यांना तारीत होती. साधारण ह्याच सुमारास अटलांटिक महासागरांतील पोर्टो रिको बेटावर, जेथें पाइन कधींच नव्हता, तेथें १९५५ सालीं अमेरिकेंतील पाइनच्या वनांतली माती आणून टाकल्यावर वर्षानुवर्षें न जगणारीं पाइनचीं रोपें जोमानें वाढूं लागलीं.

कामिएन्स्की ह्यांचा तर्क सिद्ध व्हावयास मात्र १९६० साल उजाडावें लागलें. स्वीडनच्या एरिक ब्यर्कमान ह्यांनीं स्प्रूस व पाइन ह्यांच्या सालींत किरणोत्सर्गी साखर टोंचली, आणि कांहीं दिवसांनीं ती शेजारच्या मोनोट्रोपांत सांपडली. वृक्षाकडून बुरशीकडे, बुरशीकडून त्या फिकट रोपाकडे. ती बांडगूळच होती. फक्त तिचा हात बुरशीच्या बाहींतून वृक्षाच्या खिशांत गेलेला होता.

असें असेल, तर एका हिरव्या वृक्षाची साखर दुसऱ्या हिरव्या वृक्षाकडे जाते काय ? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील डोंगरी अरण्यांत डग्लस फरच्या लागवडींत बर्च, म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद, तण समजून औषधें फवारून मारीत असत. सुझान सिमार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही झाडांच्या पानांना निरनिराळ्या खुणेचा कर्ब दिला, आणि बर्चकडून फरकडे अधिक कर्ब गेल्याचें, व फर सावलींत असतांना तें प्रमाण वाढल्याचें, १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानंतर जें झालें तें विज्ञानापेक्षां आपल्या मनाविषयीं अधिक सांगतें. 'माता-वृक्ष' आपल्या लेंकरांना ओळखून दूध पाजतात, झाडें जमिनीखालून निरोप धाडतात, अशीं पुस्तकें घरोघर गेलीं. एकोणिसाव्या शतकानें अरण्यांत बाजार पाहिला, आपण एकत्र कुटुंब पाहूं लागलों. २०२३ सालीं जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स व जेसन होक्सेमा ह्यांनीं आजवरचा पुरावा चाळून दाखविलें कीं, खऱ्या अरण्यांत अशीं जाळीं तपशीलवार रेखाटलीं गेलीं आहेत तीं अगदीं थोड्या ठिकाणीं व दोनच जातींच्या वृक्षांचीं. कर्ब जातो तो जाळ्यांतूनच जातो कीं मातींतून, हें बहुतेक प्रयोगांत वेगळें काढलेलें नाहीं. आणि माता आपल्या लेंकरांना झुकतें माप देते ह्याला अरण्यांतला पुरावा नाहीं. ह्यांतल्या जोन्सबाई १९९७ च्या निबंधाच्याही सहलेखिका होत्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याच शोधाच्या भरती आलेल्या कीर्तीला बांध घालणें हें सोपें नव्हे. सिमार्ड ह्यांना हा निवाडा मान्य नाहीं. वाद चालू आहे.

आपल्या सह्याद्रींत हें सर्व डोळ्यांनीं पाहावयास कोणी निघेल तर तो प्रथम निराश होईल. महाबळेश्वरच्या जांभळाचें मूळ उकरलें तरी फ्रांक ह्यांनीं वर्णिलेली टोपी दिसत नाहीं. येथील बहुतेक वृक्षांची बुरशी दुसऱ्या, अधिक प्राचीन प्रकारची आहे. चाळीस कोटि वर्षांपूर्वींच्या, मुळेंही नसलेल्या वनस्पतींच्या अश्मांत ती सांपडली आहे. ती मुळीच्या पेशींच्या आंत शिरून झुडपासारख्या फांद्या फोडते; मूळ धुऊन, त्यावर विशिष्ट रंग चढवून, सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवल्याखेरीज तिचा पत्ता लागत नाहीं. ती अळंबीं धरीत नाहीं, म्हणून तिचे बीजाणु वाऱ्यानें फारसे पसरत नाहींत; मातीबरोबरच ती जाते आणि मातीबरोबरच राहते. कित्येक देवरायांत पडलेली काटकीही उचलून न्यावयाची नाहीं अशी रूढि आहे. तेथला पाचोळा व माती ह्यामुळें पिढ्यान् पिढ्या जागच्या जागीं राहिलीं. उघड्या डोंगरावर खड्डे खणून रोपें लावणाऱ्यांचे आंकडे दरसाल छापून येतात. त्यांत रोपें किती हें असतें, मातींत कोण आहे हें नसतें. आणखी दक्षिणेस, कर्नाटक-केरळाकडील ओल्या अरण्यांत, धूप देणाऱ्या उंच वृक्षांच्या मुळांवर मात्र थेट बर्लिनच्या त्या ओक-बीचसारखीच बुरशीची टोपी आढळली आहे, आणि पावसाळ्यांत त्यांच्या बुडाशीं तिचीं अळंबीं वर येतात.